तुमचा डेटासेट म्हणजे एक स्थिरचित्रच

शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल, तर स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. टेबलावर तांब्या, शेजारी दोन वांगी, एखादं केळं, मागे चुण्या पाडलेलं कापड. आपण सगळे समोर दिसतंय ते हुबेहूब उतरवायच्या मागे. पण त्या पेपरातला सगळ्यात मोठा निर्णय आपण घेतलेलाच नसायचा. तांब्या कुठे ठेवायचा, वांगी किती, कापड कुठल्या रंगाचं, हे सर आधीच ठरवून मोकळे झालेले असायचे.

मी द्राक्षाच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखणाऱ्या मॉडेलवर पीएचडी करतोय. चित्रकलेशी माझा संबंध इंटरमिजिएटनंतर संपला होता. तरीही डेटा गोळा करण्याबद्दलचा जो धडा पहिल्याच वर्षी शिकायला हवा होता, तो मला नीट कळला एका चित्रकर्तीच्या ट्युलिपच्या फुलांमुळे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर हा धडा माझ्यापेक्षा लवकर शिका, म्हणून हा लेख.

न फुललेला गुच्छ

सतराव्या-अठराव्या शतकातल्या डच चित्रकारांची फुलदाण्यांची चित्रं कधीतरी नजरेखालून गेली असतील. आम्ब्रोसिउस बॉसखार्ट, यान फान हाउसुम ही त्यातली मोठी नावं. पाकळीवरचा दवाचा थेंब आणि पानावरची अळीसुद्धा मोजता येईल इतकं बारीक काम. पण जरा वनस्पतिशास्त्राच्या नजरेने बघा. ट्युलिप वसंतातलं फूल, गुलाब उन्हाळ्यातला. त्या काळी, शीतगृहं नसताना, ही दोन्ही एका फुलदाणीत एकाच दिवशी ताजी कशी असतील?

नसायचीच. चित्रकार एकेका फुलाचा वेगळा अभ्यास करून ठेवायचे आणि नंतर ते चित्रात जुळवायचे. फान हाउसुमला खरं फूल समोर लागायचं, म्हणून तो थांबायचा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन वर्षं आहेत. १७४२ च्या एका पत्रात तर पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडल्याचं त्याने कळवलंय.

मग हे चित्र खोटं का? प्रत्येक पाकळी खरी आहे, निरीक्षण करूनच काढलेली आहे. गुच्छ मात्र रचलेला आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फुलं स्क्रीनवर आली तेव्हा

डिजिटल माध्यमाने स्थिरचित्र कसं बदललं, याची दोन टोकं सांगतो.

पहिलं टोक डेव्हिड हॉकनी. २००९ च्या सुमारास ते आयफोनवर फुलं काढून मित्रांना पाठवू लागले आणि २०१० पासून आयपॅडवर काढू लागले. इथे रंग वाळायची वाट बघावी लागत नाही. कॅनव्हासवरचा रंग बाहेरून पडलेला प्रकाश परावर्तित करतो, स्क्रीन स्वतःच प्रकाश देते, त्यामुळे फुलं आतून उजळल्यासारखी दिसतात. पण रचना जुनीच: फुलदाणी, टेबल आणि बघणारा एक माणूस. म्हणजे साधन बदललं.

दुसरं टोक ब्रिटिश कलाकार अ‍ॅना रिडलर. २०१८ मध्ये त्यांनी नेदरलँड्समध्ये ट्युलिपच्या एका हंगामात १०,००० फुलांचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोला स्वतःच्या हाताने लेबल लिहिलं: रंग कोणता, फुलाची अवस्था कोणती, पाकळीवर पट्टे आहेत की नाहीत. या कामाचं नाव ‘मिरियड (ट्युलिप्स)’. त्याच फोटोंवर त्यांनी एक जीएएन मॉडेल शिकवलं आणि त्यातून ‘मोझॅक व्हायरस’ हे व्हिडिओ-चित्र तयार केलं.

जीएएन माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या पद्धतीत दोन न्यूरल नेटवर्क असतात. एक नकली चित्रं बनवतं, दुसरं असली-नकली ओळखतं. दुसऱ्याने पकडलं की पहिलं सुधारतं, पहिलं सुधारलं की दुसऱ्याला जास्त चाणाक्ष व्हावं लागतं. शेवटी पहिलं नेटवर्क अशी फुलं बनवायला लागतं, जी कुठल्याच बागेत फुललेली नाहीत. डच गुच्छासारखीच!

‘मोझॅक व्हायरस’मधल्या फुलांवरचे पट्टे बिटकॉइनच्या भावाप्रमाणे बदलतात. यामागे इतिहास आहे. १६३७ मध्ये नेदरलँड्समधला ट्युलिपचा सट्टा कोसळला, त्याआधी सगळ्यात महाग विकले जायचे ते पट्टेदार ट्युलिपचे कंद. हे पट्टे एका विषाणूमुळे येतात आणि तो मावा किडीमार्फत पसरतो. लोकांना हे माहीतच नव्हतं. पट्टे संसर्गाने येतात हे डोरोथी केली यांनी दाखवलं १९२८ मध्ये. म्हणजे ज्याला लोक सर्वांत सुंदर फूल समजून पैसे मोजत होते, ते आजारी फूल होतं! पानांवरचे रोग शोधणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली.

पण मला खरा धक्का दिला तो ‘मिरियड’ने. फोटो आणि खाली हाताने लिहिलेलं लेबल, अशा हजारो तुकड्यांची चौकट भिंतीवर लावलेली. आपण डेटासेट असा कधी बघतो का? इमेजनेटमध्ये १ कोटी ४० लाखांहून जास्त प्रतिमा आहेत. त्यांना लेबलं लावणारी माणसं कुठे अडली, कुठे अंदाजाने ठोकून दिलं, हे आपल्याला दिसत नाही. आपण फोल्डर डाउनलोड करतो आणि कामाला लागतो. रिडलर यांच्या भिंतीसमोर मात्र प्रश्न पडतो: हे पांढरं म्हणायचं की फिकट गुलाबी? ही कळी की उमलू लागलेलं फूल? कुणीतरी ठरवलं, म्हणून ते तसं झालं.

माझं स्थिरचित्र

आता माझी फजिती ऐका. पहिल्या हंगामात ऑक्टोबर छाटणीनंतर मी केवड्याची पानं गोळा केली. बागेतच, वेलीवर असतानाच, सकाळी सकाळी मोबाइलवर फोटो काढले. निरोगी पानं मात्र तोडून लॅबमध्ये आणली आणि पांढऱ्या कागदावर ठेवून निवांत फोटो काढले. सोयीचं होतं, एवढंच कारण. मॉडेलची अचूकता इतकी सुंदर आली, की मी लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

मॅडमनी निकाल बघून एवढंच विचारलं, “हे पान बघतंय की कागद बघतंय?”

मी वेलीवरच्या निरोगी पानाचा फोटो दिला. उत्तर आलं, केवडा. रोगट पान कागदावर ठेवून दिलं. उत्तर आलं, निरोगी. माझ्या मॉडेलला द्राक्षाबद्दल काहीही कळत नव्हतं. मी नकळत एक स्थिरचित्र मांडलं होतं आणि ते बागेचं वास्तव म्हणून मॉडेलला शिकवलं होतं. पूर्ण हंगाम वाया गेला. द्राक्षबाग तुमच्या पीएचडीच्या वेळापत्रकासाठी पुन्हा फुटत नाही.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं समजू नका. प्लांटव्हिलेज हा पानांच्या रोगांचा प्रसिद्ध डेटासेट. त्यात तोडलेली पानं एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेले आहेत. मोहंती, ह्यूज आणि सालाते यांच्या २०१६ च्या शोधनिबंधात ५४,३०६ प्रतिमांवर काम करून ९९.३५ टक्के अचूकता मिळाली. इतर ठिकाणच्या फोटोंवर मात्र ती ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलं. पुढे २०२२ मध्ये नोयान यांनी याच डेटासेटमधल्या प्रत्येक फोटोतून फक्त पार्श्वभूमीचे ८ पिक्सेल घेतले. पान अजिबात नाही. तरी ४९ टक्के अचूकता! एकूण ३८ वर्ग असल्यामुळे नुसत्या अंदाजाने २.६ टक्केच यायला हवी होती.

साध्या पार्श्वभूमीवर फोटो काढणं हा गुन्हा नाही. फान हाउसुमचा गुच्छही खोटा नव्हता. पण तो गुच्छ दाखवून कुणी म्हणालं की “बागेत मे महिन्यात असं फुलतं”, तर ते चूक. संशोधनात आपण नेमकं हेच म्हणून बसतो.

मग करायचं काय?

डेटा गोळा करायला लागण्याआधी एवढं करा:

१. रचनेची वही ठेवा. फोटो कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने, कशावर ठेवून काढला आणि तसं का ठरवलं, ते त्याच दिवशी लिहा. “सोयीचं होतं” हे कारण असेल तर तेही लिहा.

२. अडलेली लेबलं पुसू नका. “खात्री नाही” असा रकाना ठेवा. काही नमुन्यांना दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे लेबल लावून घ्या आणि तुमच्या दोघांचं कितपत जुळतं ते मोजा.

३. पार्श्वभूमीची परीक्षा घ्या. मुख्य वस्तू झाकून मॉडेलला शिकवा. तरीही ते अंदाजापेक्षा बरंच चांगलं उत्तर देत असेल, तर थांबा.

४. चाचणीचे फोटो वेगळ्या बागेतले, वेगळ्या दिवसाचे ठेवा. एकाच झाडाचे दहा फोटो शिकवण्यात आणि चाचणीत वाटून टाकले, तर ती परीक्षा नव्हे, कॉपी.

५. डेटा भिंतीवर लावा. अगदी खरोखर. शंभर फोटो छापा, खाली हाताने लेबल लिहा आणि दोन पावलं मागे जाऊन बघा.

हे शेवटचं मी दुसऱ्या हंगामात केलं. पार्श्वभूमीची चूक सुधारली होती, म्हणून मी निर्धास्त होतो. भिंतीवर लावल्यावर दहा मिनिटांत लक्षात आलं, की भुरीच्या जवळजवळ सगळ्या फोटोंत पान धरणारी बोटं एकाच माणसाची होती. माझीच. केवड्याचे फोटो काढायला मित्र सोबत होता, भुरीच्या वेळी मी एकटा होतो. या वेळी हंगाम संपायला तीन आठवडे बाकी होते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बागेत गेलो.