कंबर दुखते? आधी चपला दाखवा!

गुडघा किंवा कंबर दुखते म्हणून येणाऱ्या रुग्णाला मी आधी चपला उलट्या करून दाखवायला सांगतो. लोक संकोचतात, दवाखान्याबाहेर चपला काढायची आपली रीत! पण झिजलेला तळ बरेच काही सांगून जातो. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणे स्वाभाविक. आतली कड जास्त झिजली असेल तर पाऊल आत कलते, त्याबरोबर नडगी आत वळते आणि गुडघ्यावर, कधी कंबरेवरही ताण येतो.

पावलातल्या २६ हाडांची कमान चालताना बसणारा धक्का झेलते. ओले पाऊल फरशीवर उमटवून पाहा. पूर्ण तळवा उमटला तर कमान सपाट आहे. दुखत नसेल तर मात्र खुशाल चाला, तो आजार नव्हे.

सकाळी उठताच पहिल्या पावलाला टाचेत कळ येते, चार पावलांनी कमी होते, ही तक्रार गृहिणींची फार. तळव्याचा जाड पट्टा दुखावलेला असतो. टाच वाचवत लंगडल्याने पुढे कंबरही धरते. अंथरुणातच पंजाला पंचा अडकवून बोटे आपल्याकडे ३० सेकंद ओढा, असे तीनदा. घरातही मऊ तळाची चप्पल वापरा. (देवघर वगळून, म्हणजे सासूबाईंचीही हरकत नाही.)

मधुमेह्यांचे वेगळे. त्यांच्यात न दुखणे हाच धोका. तळव्याची संवेदना गेली की खिळा टोचला तरी कळत नाही. रोज रात्री आरसा धरून तळवे पाहा. जखम दिसताच, लेप लावत न बसता, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.