निर्वासितांची शेती आणि स्वावलंबनाचा धडा

निर्वासितांना सुरुवातीला अन्नवस्त्र देणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. परंतु वीस-वीस वर्षे शिध्याच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाच्या हातची विद्या जाते आणि मनाची उभारीही जाते. म्हणूनच जगातील अनेक दीर्घकालीन छावण्यांतून ‘पर्माकल्चर’ म्हणजे शाश्वत शेती शिकविली जाते.

बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी ऑस्ट्रेलियात ही पद्धत मांडली. त्यांचे पहिले पुस्तक १९७८ साली निघाले. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर जमीन ही मुद्दल आहे. ती न मोडता व्याजावर संसार करावयाचा. उताराला आडवे चर खणून पावसाचे पाणी मुरवावे, पालापाचोळ्याने माती झाकावी, मोरीचे पाणी केळी-अळूच्या आळ्यात सोडावे. रोज लागणारी भाजी दाराशी लावावी, मोठी झाडे दूर लावावीत.

आपल्याच राज्यात, गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ, १९७२ साली तिबेटी बांधवांची नोर्ग्येलिंग वसाहत स्थापन झाली. थंड पठारावर जव पिकविणाऱ्या या लोकांना येथील उन्हात धानाची शेती नव्याने शिकावी लागली. शेतीला जोड म्हणून हिवाळ्यात अनेकजण गावोगाव स्वेटर विकतात. २००१ साली निर्वासित तिबेटी शासनाचे प्रमुख झालेले समदोंग रिनपोछे यांनी वसाहतींतून नैसर्गिक शेतीचा पुरस्कार केला. यामागचा हिशेब सरळ आहे. खते, औषधे उधारीवर आणली की पीक घरी येण्याआधीच देणे उभे राहते.

छावणीत खरी अडचण मनाची असते. “जमीन आपली नाही, मग झाड कशाला लावा?” असा प्रश्न येतो. त्यावर व्याख्यान उपयोगी पडत नाही. आधी महिन्याभरात हाती येणारी मेथी, माठ लावून दाखवावी, मग वर्षभरात फळणारा शेवगा, पपई, आंबा-फणस त्यानंतर. बियाणे राखण्यास गृहिणींना शिकवावे. जमीन सोडावी लागली तरी बियाणे आणि विद्या बरोबर नेता येते.

आपल्या उपनगरांतही संक्रमण शिबिरांत वर्षानुवर्षे राहणारी कुटुंबे आहेत. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे व घरचा ओला कचरा वापरून गच्चीवर भाजीपाला पिकवून दाखविला होता. घाटकोपर-मुलुंडच्या वस्तीत जुना डबा, फुटके पिंप घेऊन एवढे तरी करता येईल. प्रत्येक शाखेने पावसाळ्यापूर्वी एक प्रात्यक्षिक ठेवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. दान घेणारा हात उद्या देणारा व्हावा, हेच खरे कल्याणकार्य होय.