उसना कोड, घरची चाकं

‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या विद्यार्थी स्पर्धेच्या सामन्यात पहिले ३० सेकंद रोबो स्वतःच्या कोडवर पळतो. रिमोटला हात लावायचा नाही. पात्रता फेऱ्यांत दोन-दोन संघांच्या जोड्या लावून दिलेल्या असतात. आत्ताचा प्रतिस्पर्धी पुढच्या सामन्यात जोडीदार म्हणून उभा राहू शकतो. मग कोड लपवायचा कोणापासून? रोबोचा मार्ग आखणारी ‘रोड रनर’ लायब्ररी याच स्पर्धेच्या वर्तुळात जन्मली आणि खुली असल्याने सर्वत्र पसरली. थोरली ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ तर हंगामाआधी लिहिलेला कोड तो आधीच जाहीर केला असेल तरच वापरू देते. हा नियम आम्हाला भलताच आवडतो.

कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीतल्या मुलांना असा खुला कोड शोधायचा तर खुल्या साहित्याचं एक ठिकाण लोकलच्या अंतरावर आहे: धिम्या लोकलने कांजूरमार्ग, पुढे पवई. आयआयटी मुंबईचा रोबोटिक्स शिकवणारा ‘ई-यंत्र’ प्रकल्प तिथलाच.

पण उसना कोड नुसता चिकटवला की फसगत ठरलेली. १० सेंमी व्यासाच्या चाकासाठी बसवलेला कोड ७.५ सेंमीच्या चाकावर चालवला, तर रोबो ४ मीटरऐवजी ३ मीटरवरच थांबतो. गिअरचं प्रमाण, उतरलेली बॅटरी, घसरणारी चाकं यांची गणितं ज्याची त्यानेच मांडायची. आणि फाइलच्या माथ्यावरचं मूळ लेखकाचं नाव पुसायचं नाही.