पोलीस पाटील: ठाणे आणि गाव यांच्यामधला माणूस

पोलीस पाटील हा महाराष्ट्राच्या ग्रामीण पोलीस व्यवस्थेचा शेवटचा दुवा. त्याला गणवेश नाही, शस्त्र नाही, कोठडी नाही. तो त्याच गावचा रहिवासी असतो आणि शेती किंवा किरकोळ धंदा सांभाळून हे काम करतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ हा या पदाचा कायदेशीर आधार आहे. गुन्हेगारी आणि पोलिसांची संख्या यांवरच्या चर्चेत हे पद क्वचितच येते; खेड्यात मात्र गुन्ह्याची पहिली खबर बहुधा याच माणसाकडे पोचते.

पश्चिम महाराष्ट्रात या पदामागे वतनदार पाटीलकीची परंपरा आहे. मुंबई इलाख्यातल्या पाटलाला किरकोळ मारहाण-शिवीगाळ करणाऱ्याला काही तास चावडीत अडकवून ठेवण्याचाही अधिकार होता. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावांचा इतिहास मात्र वेगळा आहे. हा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि तिथे मालगुजारी चालत असे. गावाचा कारभार मालगुजाराकडे, सरकारदरबारी जबाबदार मुकद्दम आणि पहारा, वर्दी, जन्म-मृत्यूची खबर ही कामे कोतवालाकडे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६७ च्या कायद्याने सगळ्या राज्याला एकच साचा मिळाला. मालगुजारांनी बांधलेले तलाव मात्र राहिले. ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, आणि त्यांच्या पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणे आजही पोलीस पाटलाच्या दारात येतात.

कायद्याने पोलीस पाटील कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली काम करतो. गावातले गुन्हे, सार्वजनिक आरोग्य आणि एकूण स्थिती यांची माहिती त्यांना देत राहणे, शांतताभंगाची शक्यता दिसताच ठाणेदाराला कळवणे, पोलिसांना तपासात मदत करणे आणि आपल्या हद्दीत गुन्हा होऊ न देणे ही त्याची कर्तव्ये. यातले शेवटचे कलम बिनहत्यारी माणसाकडून फारच मोठी अपेक्षा करते. अचानक किंवा संशयास्पद मृत्यूची खबर देणे हे रोजच्या व्यवहारात सर्वांत जबाबदारीचे काम. विहिरीत बुडालेला, साप चावलेला, गळफास घेतलेला माणूस आढळला की ठाण्याला कळवायचे, पोलीस येईपर्यंत कुणाला प्रेताला हात लावू द्यायचा नाही आणि पंचनाम्यासाठी पंच जमवायचे. बाकीचा वेळ धुऱ्याच्या कुरबुरी, धानाच्या बांधीत शिरलेली जनावरे, मोहफुलाची दारू आणि सणावारांच्या मिरवणुका यांत जातो.

गावचाच माणूस असणे ही या पदाची ताकद आहे. कोण कुणावर डूख धरून आहे हे बदलून आलेल्या फौजदाराला महिनोन्महिने कळत नाही. पोलीस पाटलाला ते आधीपासून ठाऊक असते. पण त्याचे घर, शेत, जात आणि भाऊबंदकीही त्याच गावात असते. ही बाजू किती महाग पडू शकते हे भंडारा जिल्ह्यानेच पाहिले. ३ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या धुसाळ्याच्या पोलीस पाटलाला खैरलांजीच्या लोकांनी मारहाण केली. खैरलांजीच्या भोतमांगे कुटुंबातल्या मायलेकींनी मारणाऱ्यांची ओळख पटवली. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी या दलित कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. स्थानिक पोलिसांच्या हलगर्जीवर राज्यभर संताप उसळला, काही पोलीस निलंबित झाले आणि तपास सीबीआयकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास ठरवला. अॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू मानला नाही. शिक्षा किती असावी यावरच पुढे अधिक बोलले गेले. साक्षीदार उघडे पडले असताना जामिनाची चाहूल गावपातळीवर कुणी, कशी घ्यायची हा प्रश्न त्या मानाने मागे पडला.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिच्या ग्रामसमितीत पोलीस पाटलालाही स्थान मिळाले. तडजोडीला पात्र तंटे गावात मिटवले की ठाण्याचा आणि न्यायालयाचा भार हलका होतो, हा तिचा हिशेब. धुऱ्याच्या भांडणात तो पटतो. दुबळ्या बाजूला तक्रार मागे घ्यायला लावून झालेली ‘तडजोड’ मात्र कागदावर तंटामुक्तीच दिसते. अशा वेळी पोलीस पाटील गावाचे ऐकतो की कायद्याचे, हे त्या व्यक्तीवर अवलंबून राहते. शेजारच्या गडचिरोलीत हे पद जीवघेणेही ठरले आहे. पोलिसांचे खबरे ठरवून नक्षलवाद्यांनी तिथे अनेक पोलीस पाटलांना मारले.

नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी करतात. ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा होते, आरक्षण लागू असते, आणि एकेकाळी एकाच घराण्यात राहिलेले हे काम त्यामुळे महिला व मागास जातींच्या उमेदवारांकडेही आले. उमेदवार गावचा रहिवासी असावा लागतो. पदावर असताना राजकारणात भाग घेता येत नाही, पूर्णवेळ नोकरीही करता येत नाही. मिळते ते मानधन, वेतन नव्हे. अनेक वर्षे ते महिना ३,००० रुपये होते, मग ६,५०० झाले आणि मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते १५,००० रुपये केले.