परभणीच्या गुणपत्रिकेला लंडनमध्ये साक्षीदार हवा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांच्यापाशी कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. होती आणि तिथले नामांकित अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांचे शिफारसपत्र होते. बाबासाहेबांची विद्वत्ता कुणाच्या शिफारशीवर अवलंबून नव्हती. 1923 च्या डी.एस्सी.ने ती जगाला दाखवून दिली. पण त्या काळी अर्जदाराची पारख व्हायची ती ओळखीच्या प्राध्यापकाच्या शब्दावरून, आणि सेलिग्मन यांचे नाव लंडनला ठाऊक होते. आज जिंतूर किंवा गंगाखेडच्या महाविद्यालयातून बी.ए. झालेल्या मुलीने त्याच संस्थेत एम.एस्सी. अर्थशास्त्रासाठी अर्ज केला, तर तिच्या सरांचे नाव तिथे कुणी ऐकलेले नसणार. परभणी जिल्ह्यातली बी.ए.ची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्या विद्यापीठाचे 75 टक्के आणि दिल्लीच्या एखाद्या महाविद्यालयाचे 75 टक्के यांतला फरक लंडनमधली प्रवेश समिती कशावरून ओळखणार? बऱ्याच ब्रिटिश विद्यापीठांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. नामांकित भारतीय संस्थेतल्या अर्जदाराला कमी टक्के चालतात, इतरांकडून जास्त मागतात. म्हणजे मुलीचे मोजमाप तिच्या महाविद्यालयाच्या नावावरून आधीच ठरून जाते.

हे लक्षात घेतले की जीआरई या परीक्षेची अट वेगळी दिसू लागते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही अट ब्रिटनबाहेर पदवी घेतलेल्या अर्जदारांना घालते; ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रातल्या दोन वर्षांच्या एम.फिल.साठीही ही परीक्षा मागितली जाते. ब्रिटनमधली बहुतेक विद्यापीठे मात्र ती मागत नाहीत, आणि नियम बदलत असल्याने प्रत्येक विभागाचे चालू वर्षाचे निकष पाहूनच ठरवावे. आपल्याकडे या अटीकडे आणखी एक अडथळा म्हणूनच पाहिले जाते. माझे मत उलट आहे. मुंबई-दिल्लीच्या मुलाला या परीक्षेचा जितका फायदा, त्याहून अधिक तो परभणीच्या मुलाला आहे. जीआरईच्या निकालात परीक्षार्थीच्या महाविद्यालयाचा दर्जा कुठेच मोजला जात नाही. मोजली जाते ती त्याची उत्तरे, आणि गुणांचे माप सगळ्या जगाला सारखे असते.

परीक्षा आहे तरी काय? अमेरिकेतली ईटीएस ही संस्था ती घेते. सप्टेंबर 2023 पासून ती आटोपशीर झाली आहे. पूर्वी पावणेचार तास चालणारी परीक्षा आता दोन तासांच्या आत संपते. त्यात एक निबंध, भाषेचे 27 प्रश्न आणि गणिताचे 27 प्रश्न असतात. भाषा आणि गणित या दोन्ही भागांत 130 ते 170 असे गुण मिळतात आणि ते पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. अर्थशास्त्राचे विभाग सर्वाधिक लक्ष देतात ते गणिताच्या भागाकडे. त्यात कलन नाही, त्रिकोणमिती नाही; शाळेतले अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारीचे वाचन एवढेच. कस लागतो तो विचारांचा. नमुन्यादाखल असे समजा: सोयाबीनचा भाव आधी 20 टक्क्यांनी चढला, मग चढलेल्या भावावर 20 टक्क्यांनी उतरला. मूळ भाव मोठा, शेवटचा मोठा, दोन्ही सारखे, की दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही? घाईतला विद्यार्थी ‘सारखे’वर बोट ठेवतो. शंभराचे एकशेवीस झाले आणि एकशेवीसचे शहाण्णव, हे ज्याला क्षणात दिसते तो पुढे जातो. मोंढ्यात रोज भावांची चढउतार ऐकत वाढलेल्या मुलांना असा विचार परका नाही. वेळ लावून सराव मात्र कुणी करून घेतलेला नसतो.

पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. परीक्षेचे शुल्क बावीस हजार रुपयांच्या आसपास आहे. त्यावर आयईएल्टीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च वेगळा. घरून परीक्षा देण्याची सोय 2020 पासून आहे, पण त्यासाठी चांगला संगणक, खंड न पडणारे इंटरनेट आणि बंद दाराची स्वतंत्र खोली लागते; परीक्षा चालू असताना खोलीत दुसरे कुणी येऊन चालत नाही. तीन खोल्यांच्या घरात हे जमवणे सोपे नाही, म्हणून मग देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावे लागते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशातले शिक्षण शुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानभाडे देते; अनेकांचे आयुष्य तिने बदलले आहे. पण ती हाती येते प्रवेश मिळाल्यावर. प्रवेश मिळवण्यासाठी आधी जो खर्च करावा लागतो, तो घरच्यांच्याच माथी. लाखो रुपये द्यायला तयार असलेली योजना या पहिल्या खर्चापाशी नसते, म्हणून कित्येक अर्ज लिहिलेच जात नाहीत. दोष अटीचा कमी आणि आपल्या मदतीच्या क्रमाचा जास्त आहे.

दुसरा आक्षेप असा की शिकवणी लावणारेच अशा परीक्षेत पुढे जातात, म्हणून परीक्षाच काढून टाकावी. अमेरिकेत काही काळ हा प्रयोग झाला. तिथल्या पदवी प्रवेशासाठीची सॅट परीक्षा करोनाकाळात अनेक विद्यापीठांनी ऐच्छिक केली. पुढे एमआयटीने 2022 मध्ये आणि डार्टमथने 2024 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. डार्टमथच्या संशोधकांना दिसले ते विचार करायला लावणारे आहे: वंचित घरांतली कित्येक मुले आपले गुण कमी समजून कळवतच नव्हती, आणि त्यांच्या परिस्थितीच्या मानाने तेच गुण त्यांना प्रवेशाच्या जवळ नेणारे होते. परीक्षा गेली की शिफारसपत्रे, इंटर्नशिप आणि सफाईदार इंग्रजीत लिहिलेली हेतुपत्रे यांचे वजन वाढते, आणि या तिन्ही गोष्टी पैशाने आणि ओळखीने जास्त मिळतात. शिकवणीचा फायदा नाही असे मी म्हणत नाही, पण शाळेच्या पातळीचे गणित सहा महिन्यांच्या नेटक्या अभ्यासाने सुधारता येते. नावाजलेल्या प्राध्यापकाची ओळख तशी मिळवता येत नाही.

अटीत खटकणारी एक गोष्ट मात्र आहेच. ब्रिटनमध्येच पदवी घेतलेल्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या परीक्षेतून सूट मिळते. तिथल्या पदव्यांचा दर्जा समितीला ठाऊक असतो, हे कारण समजण्यासारखे आहे. पण सगळ्यांना एका मापाने मोजायचे म्हटल्यावर माप सगळ्यांना लावले पाहिजे.

आणखी एक बाब स्पष्ट सांगायला हवी, कारण इथेच आपल्या मुलांची खरी फसगत होते. जीआरईच्या गणितात 170 पैकी 170 मिळाले तरी प्रवेश पक्का होत नाही. इतके परीक्षार्थी गणितात पूर्ण गुण मिळवतात की तो आकडा एकटा कुणाला वेगळे काढत नाही. समिती पदवीच्या गुणपत्रिकेत कलन, रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र शोधते. आपल्याकडे कला शाखेतून अर्थशास्त्र घेणारा विद्यार्थी बहुधा दहावी-बारावीलाच गणिताला रामराम ठोकून आलेला असतो, आणि त्याला कुणी सांगितलेले नसते की परदेशात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण म्हणजे निम्मे गणितच. ही उणीव कोणतीही परीक्षा झाकू शकत नाही. परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अर्थशास्त्र शिकवले जाते, शहरातल्या महाविद्यालयांत गणित-संख्याशास्त्राचे प्राध्यापक आहेत. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून अर्थशास्त्राच्या मुलांना त्यांच्या वर्गात बसू देणे, आणि त्याची नोंद गुणपत्रिकेत येईल असे पाहणे, हे नांदेड विद्यापीठाच्या हातातले काम आहे.

सामाजिक न्याय विभागाने परदेश शिष्यवृत्तीत परीक्षेचे शुल्क आगाऊ देण्याची तरतूद करावी, आणि जिल्ह्यातल्या एका तरी महाविद्यालयाने घरून द्यायच्या परीक्षेसाठी संगणक आणि इंटरनेटसह एक बंद खोली उपलब्ध करून द्यावी. ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे त्यांनी जीआरई ऑक्टोबरपर्यंत उरकावी. ऑक्सफर्डसारख्या ठिकाणचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास बंद होतात, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जागा जसजशा भरत जातात तसतसे उशिरा येणाऱ्याला दार अरुंद होत जाते.