व्हिक्टोरिया हिमक्रीडागृह

हॉकी म्हटली म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें सपाट मैदान, वांकड्या टोंकाची काठी आणि पांढरा चेंडू उभा राहतो. परंतु कॅनडा देशांत हिंवाळ्यांत नद्यादेखील गोठून जातात. तेथील लोक पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून बर्फावर त्याच नांवाचा खेळ खेळतात. त्या खेळास नियमबद्ध स्वरूप कसें आलें, हें समजून घ्यावयाचें असल्यास मॉन्ट्रियल शहरांतील एका जुन्या इमारतीची हकीकत ऐकली पाहिजे.

इ. स. १८६२ च्या डिसेंबरच्या २४ तारखेस, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशीं, ही इमारत उघडण्यांत आली. महाराणीच्या नांवावरून तिला व्हिक्टोरिया असें नांव मिळालें. वर कमानदार लांकडी छत, रात्रीं गॅसच्या दिव्यांचा उजेड आणि मध्यें २०४ फूट लांब व ८० फूट रुंद असा बर्फाचा पृष्ठभाग, अशी तिची रचना होती. बर्फ यंत्रानें केलेला नसे. जमिनीवर सोडलेलें पाणी थंडीनेंच गोठे. शहरांतील प्रतिष्ठित स्त्रीपुरुष तेथें बर्फावर घसरण्याची मौज करीत. १८७० सालीं राजपुत्र आर्थर यांच्या सन्मानार्थ तेथें वेषांतराचा मोठा समारंभ झाला. हेच राजपुत्र पुढें ड्यूक ऑफ कॅनॉट म्हणून १८८६ ते १८९० पर्यंत आपल्या मुंबई इलाख्याच्या सैन्याचे सेनापति होते.

उघड्या नदीवर खेळतांना खेळाडू किती असावे व चेंडू कोठपर्यंत जावा, यांस धरबंध नसे. परंतु ३ मार्च १८७५ रोजीं जेम्स क्रेटन नामक तरुणानें या चार भिंतींच्या आंत सामना भरविला, तेव्हां मर्यादा घालणें भागच पडलें. प्रत्येक बाजूस नऊच खेळाडू ठेवले. चेंडू उसळून प्रेक्षकांस लागूं नये म्हणून त्याच्या जागीं लांकडाची चपटी चकती घेतली. क्रेटनच्या पक्षानें २ विरुद्ध १ अशा गुणांनीं जय मिळविला. मात्र सामना संपतांच, बर्फाची जागा अडविल्यामुळें रागावलेल्या मंडळींशीं खेळाडूंची मारामारी झाली. बांकें मोडलीं व स्त्रिया घाबरून निघून गेल्या, असें वर्तमानपत्रांत छापून आलें! एवढा विरोध होऊनहि खेळ टिकला.

१८८९ सालीं कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं याच ठिकाणीं हा खेळ प्रथम पाहिला आणि १८९२ सालीं त्यांनीं एक रुप्याचा प्याला बक्षीस म्हणून देऊं केला. २२ मार्च १८९४ रोजीं येथेंच मॉन्ट्रियलच्या संघानें ओटावाच्या संघास ३ विरुद्ध १ असें हरवून तो प्याला राखला. परंतु स्टॅन्लेसाहेब १८९३ सालींच स्वदेशीं परतले होते. आपल्या प्याल्यासाठीं झालेला एकहि सामना पाहण्याचें त्यांच्या नशिबीं आलें नाहीं.

१९२५ च्या सुमारास या क्रीडागृहाचें आयुष्य संपलें आणि पुढें ती जागा मोटारी ठेवण्याच्या उपयोगास आली. क्रेटन १९३० सालीं वारले. त्यांच्या थडग्यावर २००९ सालापर्यंत नांवाची शिळाहि नव्हती. तथापि उत्तर अमेरिकेंतील हॉकीचें बर्फमैदान आजहि २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असतें, म्हणजे जवळजवळ त्या जुन्या इमारतीच्याच मापाचें!

विद्यार्थीमित्रहो, नियम म्हणजे खेळाच्या पायांतील बेडी, असें पुष्कळांस वाटतें. पण येथें भिंतींनीं मर्यादा घातली म्हणूनच एक गोंधळाची करमणूक व्यवस्थित खेळ बनली. शाळेंतील घंटा, रांग आणि वेळापत्रक यांजकडेहि या दृष्टीनें पाहावें. इमारती पडतात व माणसें विस्मृतींत जातात. पण त्यांनीं घालून दिलेली चांगली शिस्त पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडत राहते.