केबिनच्या आत डोकावताना

छोट्या आगगाडीचा खेळ मुलांना प्रिय असतो. पण रुळांशेजारी उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या इमारती बहुधा पोकळ असतात. खिडकीतून पाहावे, तर आत काहीच नाही! गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या वस्तीतील मुलांनी जुन्या पद्धतीची सिग्नल केबिन करायला घेतली, तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढेही आला. केबिनच्या वरच्या मजल्याला सगळ्या काचाच. आतले काम केल्यावाचून सुटका नव्हती.

प्रथम माप ठरवले. या छंदात जगभर १:८७ हे प्रमाण फार चालते. खऱ्या वस्तूच्या मापाला ८७ ने भागायचे. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो, टेबल जेमतेम ९ मिलिमीटर उंच. (हा छंद प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे.)

खर्च फारसा नाही. काचांसाठी शर्टाच्या खोक्यावरचे पारदर्शक प्लास्टिक, टेबलासाठी आगकाड्या, लिव्हरसाठी टाचण्या. छप्पर चिकटवू नये. आत दुरुस्ती करता आली पाहिजे. दिवा लावायचा तर भिंतींना आतून आधी काळा रंग द्यावा आणि मग खोलीचा रंग. नाही तर पुठ्ठ्यातून उजेड झिरपून सारी इमारत कंदिलासारखी दिसते. आमची पहिली केबिन अशीच फसली! दिवा लहान एलईडीचा, योग्य रेझिस्टर जोडून घ्यावा. खालच्या मजल्याच्या खिडक्यांमागे काळा कागद पुरे. जिथे नजर पोहोचत नाही, तिथे श्रम कशाला?

लिव्हर मात्र आम्ही सगळे एकाच बाजूला झुकवले होते. वस्तीतील एका निवृत्त केबिनमन काकांना ते दाखवले. ते हसले आणि म्हणाले, ''अरे पोरांनो, सगळे लिव्हर एकदम ओढलेत? असं होऊच शकत नाही!'' मग त्यांनी समजावून सांगितले. लाल लिव्हर थांबा-सिग्नलचे, काळे पॉइंटचे, निळे कुलपाचे, पांढरे राखीव. पॉइंट नीट लागून कुलूप बसल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल पडतच नाही. तशी लोखंडी बांधणीच खाली केलेली असते. त्या बळावर गाड्या सुखरूप जात.

मुलांनी टाचण्या काढून पुन्हा रंगवल्या आणि एका गाडीपुरतेच लिव्हर ओढलेले दाखवले. भिंतीवर मार्गांचा नकाशा, घड्याळ, टेबलावर नोंदवही, कोपऱ्यात लाल-हिरवे झेंडे, पाण्याचा माठ, हे सारे काकांच्या सांगण्यावरून आले. शेवटी लिव्हरला हात लावून उभा असलेला १९ मिलिमीटरचा माणूस ठेवला. काका बराच वेळ वाकून पाहत राहिले. त्यांच्या नातवाने त्या दिवशी पहिल्यांदा विचारले, ''आजोबा, तुम्ही रात्रपाळीला एकटेच असायचात का?''

बहुतेक ठिकाणी आता अशा केबिन राहिल्या नाहीत; संगणकावर मार्ग लागतात. म्हणूनच पालकांना आमचे सांगणे आहे : मुलांना तयार खेळणे देण्याआधी पुठ्ठा, कात्री आणि डिंक द्या. आणि आत काय ठेवायचे हे विचारायला त्यांना त्या जागी राबलेल्या माणसाकडे पाठवा.